हॅलोची मुदत

दर दहा सेकंदांनी एक राउटर शेजारच्याला म्हणतो, हॅलो.
बाकी काही नाही. खुशाली नाही, हवापाणी नाही.
चाळीस सेकंद हॅलो आलं नाही
तर शेजारी गेला असं धरायचं
आणि वाटा नव्यानं मोजायला घ्यायच्या.
हा नियम लेम्बितचा नाही.
पण त्यावर चालणारा आमचा कोड, बहुतेक त्याचा.

लेम्बितचं हॅलो नव्हतं सदुसष्ट दिवस.

मी हाप्सालूच्या दवाखान्यात नेटवर्क बघते.
तळघरातल्या एक्स-रेपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत
लोकांच्या छात्या त्याच्याच कोडवरून चढतात.
त्याबद्दल छदाम दिला नाही कुणी.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, एकोणीस वर्षं,
आणि लष्कर मोजतंय
करपल्या किती.

डिसेंबरात कुणीसं त्याला लिहिलं होतं:
फुकट आहे म्हणून इतकं सावकाश का?
त्यानं नेहमीसारखंच उत्तर दिलं,
कुठली आवृत्ती, लॉग पाठवा, आभार.
मग काहीच नाही.

एकशे बारा दुरुस्त्या दारात ताटकळलेल्या.
असुन्सिऑनची निमिया रोज विचारायची, मऊ शब्दांत.
वागाडुगूच्या इद्रिसानं आयुष्यातली पहिली दुरुस्ती पाठवलेली:
माहितीपुस्तिकेतल्या एका वाक्यात 'नाही' राहून गेला होता,
त्यापायी त्याच्या कॉलेजात रात्रभर अंधार, म्हणजे आमच्या अर्थानं अंधार.
तोही थांबलेला.
नवी आवृत्ती काढायची किल्ली एकच.
ती लेम्बितकडे, लेम्बित हियुमा बेटावर,
आणि मधला समुद्र गोठलेला.

उर्वेनं गाडी काढली.

बर्फावरच्या रस्त्याचे नियम उलटे असतात.
पट्टा लावायचा नाही. दोन गाड्यांत अडीचशे मीटर.
आणि काही झालं तरी थांबायचं नाही,
भार एका जागी उभा राहिला की खालचं कुरकुरतं.
कडेनं जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या.
रोज पहाटे कुणीतरी येतो, भोक पाडतो,
जाडी मोजतो, फळ्यावर आकडा लिहितो.
वसंतात हा रस्ता पाणी होतो,
पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्या भोकापासून.
मी उर्वेला म्हटलं, बघ.
ती म्हणाली, पुढे बघ.

लेम्बित अंगणात लाकडं फोडत होता.
"जिवंत आहेस."
"आहे."
आत चहा, राईची भाकरी, धुरावलेला मासा.
बराच वेळ मासाच.
मग तो म्हणाला, "आधी भीती वाटायची,
मी पडलो तर सगळं पडेल.
मग दुसरी वाटायला लागली,
की पडणार नाही."

आम्ही दोघी चमच्यांकडे बघत राहिलो.

"त्या 'नाही'वाल्या मुलाचं घेतलंत का?"
उर्वेचा कप आपटला. "म्हणजे तू वाचत होतास?"
"सगळं. उत्तर द्यायला बसलो की हात जड."
ती काय काय बोलली ते इथे नको.
तो ऐकत राहिला,
बऱ्याच दिवसांनी कुणी त्याच्याशी
त्रुटी-क्रमांकाशिवाय भांडत होतं.

शेवटी तिनं कागद ठेवला.
किल्लीचे तीन वाटे, कुठलेही दोन जुळले की पुरे.
निमिया, उर्वे, मी.
त्यानं यादी वाचली, पुन्हा वाचली,
पाठपोटही बघितली.
"बरं केलंत," म्हणाला,
आणि बाहेर जाऊन
एका ओंडक्यावर तीनदा कुऱ्हाड चुकला.

परतताना काळोख, फांद्या दिव्यात उजळून जाणाऱ्या.
खिशात जुनी पेनड्राइव्ह, तिला माशाचा वास.
पट्ट्याशिवाय बसायची सवय मला अजून नाही.

घरी पोचल्यावर, रात्री एकला,
मी पहिलं काय केलं तर तो 'नाही'
वाक्यात त्याच्या जागी बसवला.
लिहिलं: उशीर झाला, आभार.

इद्रिसा जागाच होता.
मिनिटभरात त्यानं दुसरी चूक पाठवली.
मोठी.
आणि ती माझी होती.